पार्किन्सनमध्ये वास का जातो, ब्रेन कनेक्टिव्हिटीचा त्याच्याशी काय संबंध, आणि त्यासाठी एमआरआय करायचा का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६७ वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं, उजवा हात थरथरतो, चाल मंदावलीय. वास मात्र त्याच्याही चार-पाच वर्षं आधीपासून येत नाही, तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही. आता तुम्ही वाचलंत की मेंदूतली कनेक्टिव्हिटी, म्हणजे मेंदूच्या भागांची आपसातली जोडणी, बिघडल्यामुळे वास जातो आणि ते एमआरआयमध्ये दिसतं. तर तो करून घ्यावा का, गोळ्यांनी वास परत येईल का, आणि तुम्हाला स्वतःला कोविडनंतर वास कमी येतो तर तुम्हालाही हेच होणार का.

आधी सरळ उत्तरं देतो. नुसत्या वासासाठी एमआरआय करू नका, पैसे वाया जातील. गोळ्यांनी थरथर आणि कडकपणा कमी होतो, वास परत येत नाही. आणि तुमचं कोविडनंतरचं प्रकरण वडिलांपेक्षा बरंच वेगळं आहे, झोप उडवून घेऊ नका. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

ओपीडीत पेशंट हाताबद्दल बोलतो, चालण्याबद्दल बोलतो, घरचे झोपेबद्दल आणि पोट साफ न होण्याबद्दल बोलतात, पण वासाबद्दल आम्ही डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही. विचारलं तरी कितीतरी जण "येतो की" म्हणतात आणि मग शेजारी बसलेली बायको सांगते, काय येतो, परवा दूध उतू जाऊन करपलं तरी हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. ते खोटं बोलत नसतात हां. वास वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत जातो आणि दोन्ही नाकपुड्यांतून जातो, त्यामुळे लक्षातच येत नाही. नजर कमी झाली तर पेपर वाचता येत नाही, ऐकू कमी आलं तर घरचे ओरडतात, वासाचं असं काही नडत नाही. फार तर "हल्ली जेवणाला चव नाही" अशी कुरबूर होते आणि तिचं खापर सुनेच्या स्वयंपाकावर फुटतं.

जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजाराचं पहिलं वर्णन लिहिलं त्यात वासाचा उल्लेख नाही. थेट १९७५ मध्ये अन्सारी आणि जॉन्सन यांनी पार्किन्सनच्या पेशंटांचा वास मोजला आणि तो कमी आहे असं दाखवलं. मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये ४० वासांची खरवडून हुंगायची टेस्ट आणली आणि तिथून हा विषय खरा सुरू झाला. किती जणांचा वास जातो याचे आकडे वेगवेगळे वाचायला मिळतात, त्याचं कारण एका अभ्यासातच दिसतं. ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि इटली मिळून ४०० पेशंटांवर केलेला तो अभ्यास २००९ मध्ये आला. तरुण निरोगी माणसांशी तुलना केली तर ९६.७ टक्के पेशंटांचा वास कमी निघाला, आणि त्यांच्याच वयाच्या माणसांशी केली तर ७४.५ टक्के. कारण म्हातारपणी वास तसाही कमी होतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तुमच्या तिसऱ्या प्रश्नात लागेल.

आता नाकापासून सुरू करू. नाकाच्या अगदी वरच्या छताला वास पकडणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यावर वासाचे कण धरणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. (हे रिसेप्टर शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं, शोधनिबंध १९९१ चा.) या पेशींचे धागे कवटीच्या तळाशी चाळणीसारखं भोकाभोकांचं हाड असतं त्यातून वर जातात आणि ऑल्फॅक्टरी बल्ब नावाच्या छोट्या गाठीत पोचतात. हेल्मेट न घालता बाइकवरून पडलेल्याचा वास कधीकधी कायमचा जातो तो इथेच, हे धागे त्या हाडात कापले जातात म्हणून. बल्बपासून पुढे वास पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये जातो (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर), अमिग्डालामध्ये जातो म्हणजे भावनांच्या केंद्रात, एन्टोरायनल कॉर्टेक्समधून हिप्पोकॅम्पसकडे म्हणजे आठवणींच्या केंद्रात जातो, आणि मग डोळ्यांच्या वर असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, जिथे हा वास कसला, चांगला की वाईट, हे ठरतं. बाकीच्या संवेदना आधी थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या मधल्या ठाण्यात हजेरी लावून मग कॉर्टेक्सला जातात, वास तसा जात नाही, तो थेट घुसतो.

आता टेस्ट करताना काय दिसतं ते सांगतो म्हणजे कनेक्टिव्हिटीचा मुद्दा आपोआप कळेल. पेशंटला डोळे मिटायला सांगायचे, एक नाकपुडी बोटाने बंद करायची, दुसऱ्या नाकपुडीखाली कॉफी पावडरची छोटी बाटली धरायची. मग दुसरी नाकपुडी, मग वेलची, मग संत्र्याची साल. ज्याचं नाक सर्दीने किंवा पॉलिपने, म्हणजे नाकात वाढलेल्या मांसाने, बंद आहे तो म्हणतो "काहीच नाही". पार्किन्सनचा पेशंट पुष्कळदा थोडा वेळ थांबतो, परत हुंगतो आणि म्हणतो "काहीतरी येतंय, पण काय ते सांगता येत नाही". चार पर्याय दिले तर चुकीचा निवडतो, आणि कॉफीला साबण म्हणून मोकळा होतो. म्हणजे वास आत शिरतोय थोडाफार, पण त्याची ओळख पटत नाहीये. वास मोजताना आम्ही तीन गोष्टी वेगळ्या धरतो: किती हलका वास जाणवतो, दोन वासांतला फरक कळतो का, आणि वास ओळखता येतो का. पार्किन्सनमध्ये तिन्ही बिघडतात, पण ओळखण्याची बाजू बऱ्याच जणांत जास्त ठळक बिघडलेली असते, आणि ओळखायला नुसता बल्ब पुरत नाही, आठवण लागते, लक्ष लागतं, नाव आठवावं लागतं, म्हणजे मेंदूचे पाच-सहा भाग एकमेकांशी बोलायला लागतात.

एक सूचना. घरी टेस्ट करताना लोक हटकून कापूर, व्हिक्स किंवा अमृतांजन वापरतात आणि "येतो की वास बाबांना" असं आम्हाला येऊन सांगतात. ते चालत नाही. हे पदार्थ नाकात झोंबतात आणि झोंबणं कळवणारी नस वेगळी आहे, ट्रायजेमिनल, ती पार्किन्सनमध्ये अशी जात नाही. स्पिरिट आणि अमोनियाचंही तसंच. परदेशी टेस्टचीही अडचण आहेच, त्यात रूट बिअर आणि पम्पकिन पायचे वास असतात, सांगलीच्या आजोबांनी ते कुठे हुंगलेले असणार. म्हणून आपल्या ओळखीच्या वासांची इंडियन स्मेल आयडेंटिफिकेशन टेस्ट आपल्याकडे बनवली गेली.

आता हे सगळं बिघडतं कशामुळे. पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रोटीन चुकीच्या पद्धतीने दुमडतं आणि मज्जापेशींत साचतं, त्याच्या गाठींना लुई बॉडी म्हणतात. जर्मनीतले हायको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मृत व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास करून दाखवलं की या गाठी सुरुवातीला सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये, म्हणजे ज्या भागामुळे हात थरथरतो तिथे नसतातच. त्या आधी ऑल्फॅक्टरी बल्बच्या आसपास आणि मेंदूच्या देठात खाली, आतड्यापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेच्या केंद्रात दिसतात, नायग्राचा नंबर तिसऱ्या टप्प्यात येतो. २००७ मध्ये त्यांनी आणि क्रिस्टोफर हॉक्स यांनी मिळून असा तर्क मांडला की बाहेरचं काहीतरी नाकातून आणि आतड्यातून अशा दोन वाटांनी आत शिरत असावं. तो तर्क अजून सिद्ध व्हायचाय. पण तुमच्या वडिलांचा क्रम बघा, आधी वास, मग चार-पाच वर्षांनी हात. या चित्रात तो अगदी बसतो. सगळ्यांचा बसत नाही, काही मेंदूंत हा क्रम आढळत नाही, तरी ढोबळमानाने आम्ही आजही तो वापरतो.

हे प्रोटीन एका पेशीतून दुसरीत जातं असं मानायला चांगली कारणं आहेत. स्वीडन आणि अमेरिकेत काही पेशंटांच्या मेंदूत गर्भाच्या मज्जापेशी बसवल्या होत्या, ते पेशंट ११ ते १६ वर्षांनी वारले तेव्हा त्या नव्या, तरुण पेशींमध्येसुद्धा लुई बॉडी सापडल्या. हे २००८ मध्ये छापून आलं आणि आमच्या क्षेत्रात मोठी खळबळ झाली. उंदरांच्या ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये हे बिघडलेलं प्रोटीन टोचलं तर ते वासाशी जोडलेल्या भागांत पुढेपुढे सरकतं आणि उंदरांचा वासही बिघडतो. म्हणजे आजार मेंदूत कुठेही तेलाच्या डागासारखा पसरत नाही, तो जोडणीच्या वाटांनी जातो. डेन्मार्कच्या आर्हुस इथले पेर बोर्गहॅमर यांनी याच धाग्यावर २०२१ मध्ये एक मॉडेल मांडलं. काही लोकांत आजार मेंदूत सुरू होतो, एका बाजूच्या अमिग्डाला किंवा बल्बपासून, आणि मेंदूतल्या बहुतेक जोडण्या आपल्याच बाजूला असल्यामुळे तो त्या बाजूला जास्त पसरतो, म्हणून लक्षणं एका हातात ठळक. काही लोकांत तो आतड्यापासून व्हेगसने वर येतो, ती वाट दोन्ही बाजूंना जाते, म्हणून लक्षणं दोन्हीकडे जास्त सारखी, आणि झोपेत ओरडणं, लाथा मारणं आधीपासून असतं. मला स्वतःला हे मॉडेल आवडतं, पण समोरचा पेशंट दरवेळी एका खान्यात नीट बसेलच असं नाही.

आता तुम्ही वाचलेला शब्द, कनेक्टिव्हिटी. तो दोन अर्थांनी वापरतात आणि बातम्यांत दोन्हींची खिचडी होते. एक म्हणजे प्रत्यक्ष वायरिंग, पांढऱ्या भागातले धागे, ते डिफ्यूजन एमआरआयने बघतात, पाण्याचे कण धाग्याच्या दिशेने किती सरळ सरकतात यावरून धागा शाबूत आहे का त्याचा अंदाज येतो. दुसरी फंक्शनल कनेक्टिव्हिटी. ही भारत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत दाखवली: माणूस मशीनमध्ये नुसता पडून आहे, काही करत नाहीये, तरी त्याच्या मेंदूच्या डाव्या-उजव्या हालचाल केंद्रांतला रक्तातल्या ऑक्सिजनचा सिग्नल एकाच लयीत वरखाली होतो. समजा समोरच्या सोसायटीत दोन फ्लॅटचे दिवे रोज एकाच वेळी लागतात आणि एकाच वेळी विझतात, मध्ये वायर दिसत नाही तरी आपण म्हणतो या दोन घरांचं काहीतरी नातं आहे. तसं हे. मोजलेलं असतं ते फक्त एकत्र वरखाली होणं, प्रत्यक्ष निरोप जाताना कुणी बघितलेला नसतो.

या दोन्ही पद्धतींनी पार्किन्सनच्या वासाचा अभ्यास झालाय. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये २००६ साली आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशंटांत ऑल्फॅक्टरी ट्रॅक्टच्या, म्हणजे बल्बपासून निघणाऱ्या धाग्यांच्या जुडीच्या, जागीच मोडतोड दिसली. बार्सिलोनात २०१० मध्ये असं दिसलं की वास पूर्ण गेलेल्या पेशंटांत कपाळामागच्या, वासाशी संबंधित भागाजवळचा पांढरा भाग बिघडलेला आहे. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये अजून औषध सुरू न केलेल्या पेशंटांचं रेस्टिंग एमआरआय, म्हणजे नुसतं पडून राहून करायचं, केलं, कारण औषधाने कनेक्टिव्हिटी बदलते आणि मग आजाराचा परिणाम कुठला आणि गोळीचा कुठला ते वेगळं काढता येत नाही. त्यात वास जितका वाईट तितकं लिंबिक भागांचं, म्हणजे भावना-आठवणींच्या जाळ्याचं, बोलणं बदललेलं दिसलं, शिवाय पुढच्या भागाकडे जाणाऱ्या जाळ्यातही फरक होता. म्हणजे पार्किन्सनमधला वास जाणं हे नुसतं नाकाचं किंवा नुसतं बल्बचं दुखणं नाही, बल्बपासून पुढचं आख्खं जाळं त्यात ओढलं गेलंय. माझ्या मते या सगळ्या संशोधनातून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे.

मग एमआरआय का नको? कारण हे सगळे निकाल गटांचे आहेत. वीस-तीस-चाळीस पेशंटांची सरासरी निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा वेगळी निघते. एकट्या तुमच्या वडिलांचा स्कॅन घेऊन "यांची वासाची कनेक्टिव्हिटी इतकी आहे, नॉर्मल इतकी असते" असं कुणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, तसा नॉर्मलचा तक्ताच नाही. त्यात अजून दोन भानगडी. ऑर्बिटोफ्रंटल भाग सायनसच्या हवेच्या अगदी वर बसलेला असतो, हवा आणि मेंदू यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं होतं आणि नेमका वासाचाच भाग चित्रात धूसर होतो किंवा गायब होतो. आणि दुसरं म्हणजे हालचाल. डोकं मिलिमीटरभर जरी हललं तरी खोटी कनेक्टिव्हिटी तयार होते, आणि आपला पेशंट कोण, तर थरथरणारा माणूस! संशोधनात यासाठी किती डेटा फेकून द्यावा लागतो ते आतल्या लोकांना विचारा. आता काही ठिकाणी रंगीत चित्रांचा "ब्रेन कनेक्टिव्हिटी रिपोर्ट" देतात असं दिसतं, बघायला छान असतो, त्यावरून उपचारात एक गोळीसुद्धा बदलत नाही.

साधा एमआरआय कधीकधी लागतो, ती गोष्ट वेगळी. स्ट्रोक, पाणी साचणं, गाठ, असं दुसरं कारण नाही ना हे बघायला निदानाच्या वेळी तो बहुधा झालेला असतो. निदानाबद्दलच शंका असेल तर ट्रोडॅट स्कॅन किंवा एफ-डोपा पेट स्कॅन असतो, त्यात डोपामिनच्या, म्हणजे पार्किन्सनमध्ये कमी पडणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या, पेशींच्या टोकांची अवस्था दिसते. वडिलांचं निदान पक्कं असेल आणि गोळ्यांनी फरक पडत असेल तर त्याचीही गरज नाही.

वासाची साधी टेस्ट मात्र निदानात खरंच कामाची आहे आणि ती स्वस्त आहे. मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या हालचालींच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५ च्या निकषांत वास जाणं हा निदानाला पाठबळ देणारा मुद्दा म्हणून घेतलेला आहे. पीएसपी नावाचा पार्किन्सनसारखा दिसणारा आजार आहे, त्यात वास बहुतेक शाबूत असतो किंवा थोडाच कमी होतो. नुसत्या इसेन्शियल ट्रेमरमध्ये, म्हणजे कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या असणाऱ्या हाताच्या थरथरीत, वास चांगला असतो. आणि आपल्याकडे फार दिसणारा प्रकार म्हणजे औषधांमुळे झालेला पार्किन्सनिझम, म्हणजे पार्किन्सनसारखी लक्षणं. अ‍ॅसिडिटी-गॅससाठी ज्या दोन औषधांच्या कॅप्सूल मिळतात त्यांतल्या काहींत लेव्होसल्पिराइड असतं, लोक ती वर्षानुवर्षं स्वतःहून घेत राहतात, आणि एक दिवस हात थरथरायला लागतो, चेहरा भावशून्य दिसायला लागतो. अशा माणसाचा वास उत्तम असेल तर औषध बंद केल्यावर बरं वाटण्याची शक्यता जास्त, आणि वास गेलेला असेल तर आम्ही सावध होतो की आत खरा पार्किन्सन दबा धरून असेल, औषधाने तो फक्त उघडा पाडला. वडील पोटासाठी काय घेतात ते त्या स्ट्रिपवर वाचून बघा, मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही उलटीची औषधंसुद्धा त्यांना चालत नाहीत.

हल्ली पाठीच्या पाण्यात अल्फा-सिन्यूक्लिन शोधणारी सीड अ‍ॅम्प्लिफिकेशन टेस्ट आलीय. पार्किन्सनच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या मायकल जे. फॉक्स फाउंडेशनच्या पीपीएमआय अभ्यासात २०२३ मध्ये ११२३ लोकांचे निकाल आले. तिथेही वासाने बाजी मारली: जनुकीय कारण नसलेल्या, वास गेलेल्या पेशंटांत ती ९८.६ टक्के पॉझिटिव्ह, वास शाबूत असलेल्यांत ७८.३ टक्के. एलआरआरके-२ या जनुकातल्या बदलामुळे आजार झालेल्या पण वास चांगला असलेल्या लोकांत तर फक्त ३४.७ टक्के. म्हणजे वास न गेलेला पार्किन्सन हा कदाचित आतून थोडा वेगळाच आजार असावा असं आता वाटायला लागलंय. वडिलांना ही टेस्ट करायची गरज नाही, त्यांचं चित्र स्पष्ट आहे.

आता गोळ्या. पार्किन्सनचं मुख्य औषध लेव्होडोपा, शरीरात त्याचं डोपामिन बनतं. त्याने वास सुधारत नाही हे इतक्या वेळा बघितलंय की त्यात वाद उरलेला नाही, आणि कारणही मजेशीर आहे. नेदरलँड्समध्ये २००४ साली मृत पेशंटांच्या ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये डोपामिनच्या पेशी मोजल्या तर त्या कमी नव्हत्या, उलट दुपटीने जास्त होत्या, आणि बल्बमध्ये डोपामिन वासाचा सिग्नल दाबायचं काम करतं. नंतरच्या मोजणीत स्त्री-पुरुषांत फरक निघाला, त्यामुळे हे एकच कारण धरून चालत नाही, पण डोपामिनची कमतरता हे वास जाण्याचं मुख्य कारण नाही एवढं नक्की. खाजकुइलीचं चूर्ण दिलं तर वास येईल का असंही लोक विचारतात. त्या बियांत असतं ते लेव्होडोपाच, त्यामुळे उत्तर तेच, आणि चालू गोळ्यांवर डॉक्टरांना न सांगता ते दिलं तर डोस वर-खाली होऊन बाबा वाकडेतिकडे हलायला लागतील ते वेगळंच.

मग कारण कुठलं? मिशिगन विद्यापीठात निकोलास बोनेन यांच्या गटाने २०१० मध्ये पेट स्कॅनने बघितलं तर वासाचं नातं डोपामिनपेक्षा अ‍ॅसिटाइलकोलिनशी, विशेषतः लिंबिक भागातल्या अ‍ॅसिटाइलकोलिनशी जास्त घट्ट निघालं. अ‍ॅसिटाइलकोलिन म्हणजे लक्ष आणि आठवणींचं रसायन. इथे एक नाजूक गोष्ट सांगावी लागते. जपानमधल्या सेंदाई इथे डिमेन्शिया नसलेले ४४ पेशंट तीन वर्षं पाहिले, त्यांतल्या १० जणांना डिमेन्शिया झाला आणि ते सगळेच्या सगळे सुरुवातीला वास अगदीच गेलेल्यांपैकी होते. २०१२ चा अभ्यास आहे, छोटा आहे, आणि वास पूर्ण गेलेले कितीतरी पेशंट पुढे वर्षानुवर्षं बँकेचे व्यवहार स्वतः करतात हे मी बघतो. त्यामुळे वडिलांना हे वाचून दाखवू नका, पण तुम्ही डोळे उघडे ठेवा: औषधांच्या वेळा विसरणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, संध्याकाळी घरात नसलेली माणसं दिसणं. असं काही असेल तर पुढच्या व्हिजिटची वाट न बघता सांगा.

आणि या अ‍ॅसिटाइलकोलिनवरून लगेच हाताशी येणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या गोळ्यांची यादी. थरथर कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल अजून भरपूर लिहिलं जातं. ते अ‍ॅसिटाइलकोलिनच अडवतं. तरुण पेशंटला चालतं, ६७ वर्षांच्या आणि वास पूर्ण गेलेल्या माणसाला मी शक्यतो देत नाही, आधीपासून चालू असेल तर हळूहळू उतरवतो. लघवी वारंवार होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन आणि झोप आणणाऱ्या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्याही त्याच पठडीतल्या. एकदम बंद मात्र करू नका, त्याने कडकपणा एकाएकी वाढतो, तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना यादी दाखवून विचारा.

आता तुमचं स्वतःचं. कोविडमध्ये व्हायरस मुख्यतः वास घेणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, त्या दुरुस्त होतात आणि बहुतेकांचा वास आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो, काहींचा अर्धवट राहतो किंवा वाकडा येतो, कांदा परतला तरी सडका वास येतो असं सांगणारे बरेच होते. कोविडने वास गेला म्हणून पुढे पार्किन्सन होतो असं सिद्ध झालेलं नाही. एका ठराविक दिवशी तापाबरोबर वास गेला, हे वडिलांच्या हळूहळू गेलेल्या वासापेक्षा वेगळंच आहे. वास कमी असलेल्यांपैकी किती जणांना पार्किन्सन होतो हे बघायचं तर हवाईतला होनोलुलूचा अभ्यास बघा, ७१ वर्षांपुढचे २२६७ जपानी वंशाचे पुरुष, त्यांचा वास मोजला आणि वाट बघितली. वास सगळ्यात वाईट असलेल्या चौथाई लोकांना पुढच्या चार वर्षांत पार्किन्सन होण्याचा धोका चांगला वास असलेल्या वरच्या अर्ध्या लोकांपेक्षा पाचपट निघाला. पाचपट ऐकून छाती दडपते, पण सगळ्या अभ्यासात मिळून पार्किन्सन झाले ३५ जण. त्या वाईट वासाच्या चौथाईत साडेपाचशेच्या वर माणसं होती, म्हणजे सगळे ३५ त्यांच्यातलेच धरले तरी पाचशेहून जास्त लोकांना काहीच झालं नाही. म्हाताऱ्या माणसांतही हे असं, तुम्ही तर त्या वयाच्या जवळपासही नसाल. वासाबरोबर झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, स्वप्नातली मारामारी खरीच करणं, जुनी बद्धकोष्ठता, एका हाताचा झोका चालताना कमी होणं, अक्षर बारीक होत जाणं, यातलं काही एकत्र दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. एकटा वास असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, दुर्बिणीने पॉलिप आणि सायनस बघून घ्या, तपकीर ओढत असाल तर बंद करा.

सुधारणेसाठी एक बिनखर्चाची गोष्ट आहे, तुम्हा दोघांनाही चालेल. ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेलं स्मेल ट्रेनिंग. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, चार छोट्या बाटल्यांत कापसावर तेलाचे थेंब, सकाळी आणि रात्री प्रत्येक बाटली दहा-पंधरा सेकंद शांतपणे हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा, निदान १२ आठवडे. पार्किन्सनच्या पेशंटांवरही २०१३ मध्ये हे करून बघितलं, ट्रेनिंग केलेल्यांचा वास न केलेल्यांपेक्षा थोडा सुधारला. थोडा हं, गेलेला वास पूर्ण परत आला असं नाही. कोविडनंतरच्या वासाला याचा फायदा जास्त होताना दिसतो. नाकात तुपाचे थेंब टाकून वास आला असं सांगणारे भेटतात, कोरडेपणाला बरं वाटत असेल, पार्किन्सनच्या वासाला त्याने फरक पडल्याचं मी पाहिलेलं नाही.

जाता जाता उलट्या बाजूची एक खरी गोष्ट. स्कॉटलंडमध्ये जॉय मिल्न नावाच्या निवृत्त नर्स आहेत, त्यांना नवऱ्याच्या अंगाचा वास बदललेला त्याच्या निदानाच्या सुमारे १२ वर्षं आधी जाणवला होता. मँचेस्टरच्या पर्डिटा बॅरन यांच्या गटाने त्यावरून पेशंटांच्या त्वचेतल्या तेलकटपणात बदललेली रसायनं शोधली. त्यावर टेस्ट बनवण्याचं काम चालू आहे.

घरात मात्र आजच बघा. वडील दिवसभर एकटे असतात का? स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन घालतात, आणि तोच वास त्यांना येत नाही. स्वयंपाकघरात गॅस डिटेक्टर लावा, एलपीजी हवेपेक्षा जड असते म्हणून तो जमिनीजवळ लावायचा, छताला नाही, हे दुकानदारालाही कधीकधी माहीत नसतं. उरलेल्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून तारीख लिहा, कारण शिळी आमटी आंबली हे त्यांना जिभेवर ठेवल्याशिवाय कळणार नाही. आणि जेवणात चव नाही म्हणून ते वरून मीठ घेत असतील तर तेही बघा. खारट, गोड, आंबट, कडू हे जिभेला कळतं, बाकीची चव मागच्या बाजूने नाकात जाणाऱ्या वासाची असते, म्हणून मीठ-साखर वाढवत नेण्याकडे कल होतो. त्याऐवजी लिंबू पिळा, आलं-मिरी-मिरचीचा तिखटपणा वाढवा, दाण्याचा कूट, कुरकुरीत काकडी-पापड असं दाताला लागणारं काहीतरी ताटात असू द्या. झोंबणं आणि कुरकुरणं त्यांना अजून नीट कळतं. महिन्यातून एकदा वजन करा. कमी होत असेल तर तो आकडा पुढच्या व्हिजिटला घेऊन जा.